सहा वर्षांचं विरजण

हर्षदा आंब्रेच्या पडद्यावर निकाल उमटला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि तिच्या हातातला चहा अर्धा प्यायचा होता. तो तसाच राहिला, त्यावर साय धरली आणि दुपारी कुणीतरी तो ओतून टाकला.

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं होतं. जगात कुठेही, कुणाच्याही विहिरीत, मातीत नाहीतर रक्तात विषारी रसायन सापडलं, की ते कुठल्या कारखान्यात, कधी आणि कसं तयार झालं हे हुडकून काढायचं. विषाला पासपोर्ट लागत नाही. ते बोटीत बसून बिनबोभाट परदेशी जातं. त्याची माहिती मात्र मागे राहते, कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद. ही कुलपं उघडायची असं एक्केचाळीस देशांनी मोम्बासात बसून ठरवलं, त्याला आता सहा वर्षं झाली होती. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्यासुद्धा त्या कराराने सरकारजमा झाल्या होत्या. त्यातलं तिसरं कलम हर्षदाला सगळ्यात शहाणपणाचं वाटायचं: खरं सांगणाऱ्या कामगाराला शिक्षा नाही. भीती घातली की माणसं गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या माणसाकडून विषाचा उतारा मिळत नाही.

त्यांच्या यंत्राला सगळे ‘मागोवा’ म्हणत. एका घरातल्या दोन जावा एकाच डब्यातली डाळ घेऊन आमटी करतात, तरी कुणाच्या हातची कुठली हे त्यांचे नवरे पहिल्या घासाला ओळखतात, आणि शहाणे असतील तर बोलत नाहीत. रसायनांचंही तसंच. कागदावरची कृती एकच असते. पण रिअॅक्टर, म्हणजे ते शिजवायचं बंद भांडं, दोन अंश जास्त तापलं, पाणी दुसऱ्या नदीचं असलं, ढवळणं दहा मिनिटं कमी पडलं, की मुख्य मालाबरोबर जी बारीकसारीक भेसळ आपोआप तयार होते तिचं प्रमाण बदलतं. मागोवा अशा तीन हजार भेसळी मोजायचा. त्यातून जो ठसा मिळायचा तो अंगठ्याच्या ठशाइतका पक्का असायचा.

या वेळचा नमुना टांझानियाहून आला होता. तिथल्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात एका गावी जुन्या गोदामाच्या जागेवर शाळा बांधली होती. गोदामात पंचवीसेक वर्षांपूर्वी के-चौदा नावाच्या कीडनाशकाची पिंपं येऊन पडली होती. आपल्याकडे के-चौदावर बंदी आली तेव्हा उरलेला माल कंपनीने तिकडे खपवला होता. पिंपं गंजली, माल मातीत मुरला आणि त्या मातीवर वर्ग भरू लागले. आता त्रेचाळीस मुलांचे हात थरथरत होते. नऊ वर्षांची एक मुलगी गेलीसुद्धा होती.

तिथली डॉक्टर नीमा म्वाकालिंगा गेले दोन महिने रोज हर्षदाशी बोलत होती. के-चौदावरचं नेहमीचं औषध मुलांना लागू पडत नव्हतं, कारण मातीत के-चौदाबरोबर आणखी एक पदार्थ होता. आलेखावर तीन ओळखीच्या डोंगरांशेजारी एक चौथा डोंगर दिसायचा. तो कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो कसा तयार झाला हे कळल्याशिवाय त्याची रचना कळणार नव्हती, आणि रचना कळल्याशिवाय औषध सापडणार नव्हतं.

मागोव्याने आज कारखाना सांगितला: चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीतला, आता बंद. साल सांगितलं: २०१० ते २०१५, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. आणि एक विचित्र गोष्ट सांगितली. कारखान्याच्या जुन्या चाचणी-नोंदींत चौथा डोंगर एकाच ऑपरेटरच्या बॅचमध्ये होता, दुसऱ्या कुणाच्याही नाही. शेजारी नोंदवहीच्या पानाचा फोटो होता आणि खाली निळ्या शाईत सही होती. ती सही हर्षदाने आठ वर्षं स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

नियमाप्रमाणे हे प्रकरण तिने दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं. ती तशी साहेबांकडे गेलीही. साहेब चष्मा काढून म्हणाले, “आंब्रे, तुमच्या वडिलांना विचारायला मी माणूस पाठवला तर ते त्याला चहा पाजतील आणि काही सांगणार नाहीत. तुम्ही जा. कागदावर दुसऱ्याची सही घेऊ.”

दुसऱ्या दिवशी ती कुंभार्ली घाट उतरून गावी गेली.

दत्ताराम आंब्रे, म्हणजे अप्पा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि एकटे राहत होते. पुण्याला चला म्हटलं की म्हणायचे, तिकडच्या दुधाला साय नाय. हर्षदा पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि ते ओट्याशी उभे राहून कोमट दुधात विरजण ढवळत होते. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी ते हेच करत. जुन्या दह्यातलं चमचाभर नव्या दुधाला, त्यातलं चमचाभर उद्याच्या.

“तुझ्या आईचं विरजण,” ते नेहमीसारखं म्हणाले. “पंचवीस वर्षं झाली. मोतीबिंदू काढायला गेलो तेव्हा शेजारच्या सुमनकडं ठेवलं, पण संपू दिलं नाय.”

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, “अप्पा, के-चौदाच्या बॅचमध्ये तुम्ही काय वेगळं करायचात?”

अप्पांचा हात विड्याच्या पानावरच थांबला. मग चेहरा असा उजळला की हर्षदाला तिकडे बघवेना.

“आता विचारतेस गो? एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाय.” ते उठले, भिंतीवरचं प्रशस्तिपत्रक काढून पंच्याने पुसत बसले. “बघ, सलग सहा वर्षं सर्वोत्तम यील्ड. सगळ्यात जास्त माल माझ्या पाळीत निघायचा. साहेब लोक डोकं खाजवायचे, हा आंब्रे करतो काय म्हणून. के-चौदाची एक खोड होती. माल घाला, तापवा, तरी ते लवकर सुरूच होत नसे. अडीच-तीन तास नुसतं वाट बघत बसायचं. मी घरी येऊन चिडचिड करायचो. एकदा तुझी आई दही लावत होती. म्हणाली, ‘अहो, मागचं थोडं भांड्यात राहू द्या की. विरजणाला ठेवतो तसं.’ दुसऱ्या दिवशी ठेवलं. पस्तीस मिनिटांत सुरू!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “सातवी शिकलेली बाई. मोठमोठ्या इंजिनियरांना सुचलं नाय ते तिला सुचलं.”

“पण वहीत कुठे लिहिलं नाही तुम्ही.” हर्षदाने तपासाचा फॉर्म पुढे ओढला.

“लिहिणार कसा? प्रत्येक बॅचनंतर भांडं धुवायचं, असा साहेबाचा कागद. धुतलं असं लिहायचो.” ते हसले. “आता लिही तू. तुझ्या त्या फॉर्मात असेल ना, कुणी सुचवलं म्हणून? तिथं तिचं नाव घाल. रजनी दत्ताराम आंब्रे. अक्कल तिची. एवढं तरी होऊ दे तिचं.”

फॉर्ममध्ये खरंच तसा रकाना होता. हर्षदाने आईचं नाव लिहिलं. लिहितानाच तिच्या डोक्यातली रसायनशास्त्रज्ञ चौथा डोंगर उलगडत होती. प्रत्येक बॅचचं शेपूट पुढच्या बॅचमध्ये पुन्हा तापत होतं, पुन्हा शिजत होतं. दर वेळी त्यातला कणभर भाग करपून नवंच काही बनत होतं आणि भांडं धुतलं जात नसल्यामुळे ते साठत होतं. दह्याचं विरजण जिवंत असतं, दर वेळी नवं होतं. हे मेलेलं विरजण होतं. ते दर वेळी जुनं होत गेलं, सहा वर्षं.

मग तिला एक शंका आली. ती आली नसती तर बरं झालं असतं.

“अप्पा, मे महिन्यात शटडाऊन असायचा ना? तेव्हा तर रिअॅक्टर आतून धुऊन घ्यायचे. मग विरजण?”

“हां! तीच तर गंमत.” अप्पांना प्रश्न आवडला. “शटडाऊनच्या आदल्या दिवशी पाच लिटरचा कॅन भरून घरी आणायचो. मोरीशेजारी थंड जागी ठेवायचो. खाली साका बसतो त्याचा, म्हणून तुझी आई रोज उघडून काठीनं ढवळायची. तीन आठवडे. मी सांगून ठेवलेलं, बसू देऊ नको. एक दिवस चुकली नाय कधी.”

मे महिन्यात हर्षदा आजोळी दापोलीला असायची. तो कॅन तिने कधी पाहिलाच नव्हता. आईचे हात थरथरायला लागलेले मात्र तिने पाहिले होते. डॉक्टरांनी कंपवात सांगितलं होतं, आणि एवढ्या लवकर कसा, म्हणून स्वतःच आश्चर्य व्यक्त केलं होतं. आई गेली तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होती.

“काय झालं गो?” अप्पा म्हणाले.

“काही नाही,” ती म्हणाली. “दही छान लागलंय.”

सकाळी तिने अंगणात बसून नीमाला फोन लावला. दुभाष्या यंत्राने नीमाला का कोण जाणे सदाशिव पेठेतलं मराठी बहाल केलं होतं. एरवी हर्षदाला त्याचं हसू यायचं.

“रचना उलगडली ही फारच आनंदाची वार्ता,” नीमा म्हणाली. “हे विष शरीरातून ओढून काढणारं औषध दार-एस-सलाममध्ये दहा दिवसांत सिद्ध होईल. परंतु ते मूत्रपिंडं जाळतं, ताई. त्रेचाळीस मुलांना सरसकट देता येणार नाही. अंगात विष किती साठेपर्यंत हात सुधारतात आणि कितीच्या पुढे नाही, हे मला ठाऊक नाही. कमी दिलं तरी मुलं जातील, जास्त दिलं तरी जातील. असं एखादं माणूस हवं, ज्याच्या अंगात हे विष केव्हा नि किती गेलं आणि दुखणं केव्हा वाढलं, हे दोन्ही माहीत आहे.”

हर्षदाने दारातून आतल्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “होतं असं माणूस. तिचे केस आहेत.”

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तात जे असेल ते स्वतःत बांधून घेतो. टोकाला जुना काळ, मुळाशी नवा. आईचे केस गुडघ्याला टेकायचे. शेवटच्या वर्षी हात इतके थरथरायला लागले की तिला वेणी घालता येईना. २०१५च्या दिवाळीआधी तिने ती कापून टाकली आणि रडत रडत तिचंच गंगावन करून घेतलं. म्हणाली, आपलेच केस, आंबाड्याला होतील. एकदाच घातलं. आता ते कपाटात मलमलीच्या फडक्यात होतं, आणि दर दिवाळीला अप्पा त्याला उन्हात ठेवून तेलाचं बोट लावत. बायकोचं म्हणून एवढंच उरलं होतं. दागिने आजारपणात गेले होते.

केसांचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून आम्लात विरघळवावे लागणार होते. शेकडो केस लागणार होते. म्हणजे सगळंच गंगावन.

दुपारी अप्पा आडवे झाले तेव्हा हर्षदाने कपाट उघडलं. फडकं हातात घेतलं. पुण्याला नेऊन त्या जागी दुसरं ठेवता आलं असतं. बाजारात हवी तेवढी मिळतात, आणि अप्पांच्या डोळ्यांना फरक कळला नसता. त्यांना कधी काही कळलं नसतं. अभिमानाने जगले असते, अभिमानाने गेले असते. ती तशीच उभी राहिली. वहीत न लिहिल्यामुळे इथवर आलं होतं सगळं. बापाने झाकलं, आता लेकीनेही झाकायचं?

तिने अप्पांना उठवलं.

“तिकडच्या मुलांसाठी आईचे केस हवेत. तिचे हातही तसेच थरथरायचे. तपासताना विरघळून जातील, परत मिळणार नाहीत.”

अप्पा फडक्याकडे बघत राहिले. “पोरं किती?”

“त्रेचाळीस.”

“लहान आहेत?”

“सात ते बारा वर्षांची.”

“मग विचारतेस काय.” त्यांनी गंगावन एकदा उघडलं, त्यावरून तळवा फिरवला आणि घडी घालून तिच्या हातात दिलं. “तिनं पण दिलं असतं.”

तारखाही हव्या होत्या. आजार केव्हा कसा वाढला ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण बाईचा आजार घरातल्या कामांत नोंदलेला असतो. दोघं ओटीवर बसून आठवत राहिली. सुईत दोरा पहिल्यांदा हर्षदाने ओवून दिला तो अकरावीचं… नाही, कॉलेजचं पहिलं वर्ष, तेरा सालचा जानेवारी. पाडव्यापर्यंत आई पुन्हा स्वतः ओवू लागली होती. त्याच सालच्या गणपतीत मोदकाच्या कळ्या जमल्या नाहीत. पोटाशी पातेलं घेऊन आई रडली आणि त्या वर्षी अप्पांनी बाजारचे पेढे आणले. त्यानंतर हात सावरलेच नाहीत. चौदाच्या संक्रांतीला हलवा सांडला. पंधराच्या जूनमध्ये कुकराचं झाकण लागेना. हर्षदा लिहीत गेली. अप्पा सांगताना मध्येच थांबत, डोळे पुसत, आणि पुढचा सण सांगत. इतकं ते बायकोविषयी वर्षानुवर्षांत बोलले नव्हते.

तीन आठवड्यांनी निकाल घेऊन ती पुन्हा गावी आली. फोनवर सांगता आलं असतं. पण ती आली.

“मुलांना औषध सुरू करतायत,” तिने दारातच सांगितलं. “आईच्या केसांवरून प्रमाण ठरलं.”

“दाखव,” अप्पा म्हणाले.

“काय?”

“चार्ट असेल ना? तीस वर्षं चार्टच वाचले मी.”

तिने टाळून पाहिलं. किचकट आहे, डोळ्यांना त्रास होईल. पण अप्पांनी चष्मा लावला होता आणि हात पुढे केला होता. तिने कागद दिला.

कागदावर आईच्या केसाची लांबी आडवी मांडली होती. डावीकडे टोक, उजवीकडे मूळ. सुरुवातीला रेघ सपाट जात होती. मग एकदम एक सुळका, मग हळूहळू उतार. पुन्हा सुळका, पहिल्यापेक्षा उंच. अप्पा बोट ठेवत गेले आणि पुटपुटत गेले. “एक. दोन. तीन.” सहाव्यावर बोट थांबलं.

“दोन सुळक्यांत अंतर किती?”

“बारा सेंटिमीटर.”

“म्हणजे किती दिवस?”

हर्षदाने खोटं बोलायचं ठरवलं होतं. बसमध्ये उत्तरही तयार केलं होतं. ते तोंडातून बाहेर आलं नाही.

“एक वर्ष, अप्पा.”

अप्पांनी मान हलवली. कामावर असताना ते असेच आकड्यांकडे बघत असतील, घाई न करता. मग त्यांनी बोट पुन्हा पहिल्या सुळक्यावर नेलं.

“मे,” ते म्हणाले.

बाहेर कुणाच्या तरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. अप्पांनी चष्मा काढला, घडी घातली, पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली.

“मीच सांगायचो तिला, बसू देऊ नको. ती म्हणायची, डोकं चढतं हो वासानं. मी म्हणायचो, तोंडाला पदर लाव.” त्यांचा आवाज फुटला. “पदर लाव म्हणायचो मी.”

हर्षदाने त्यांचा हात धरला. अप्पा लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून रडले. तिने वडिलांना असं रडताना आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. तिसरं कलम तिला आठवलं, खरं सांगणाऱ्या कामगाराला शिक्षा नाही, आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांना किती थोडं ठाऊक होतं असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळाने अप्पांनी पंच्याने तोंड पुसलं. “तो फॉर्म गेला?”

“अजून नाही. शेवटची सही राहिलीय.”

“आण.”

तिने फॉर्म पुढे ठेवला. त्यांनी पद्धत सुचवणाऱ्या व्यक्तीचा रकाना शोधला.

“हे नाव खोड.”

“अप्पा, पण तुम्हीच तर—”

“ती दह्याबद्दल बोलत होती,” अप्पा म्हणाले. “केमिकलचं मी केलं. खोड ते. माझं लिही.”

तिने आईचं नाव खोडून त्यांचं लिहिलं. खाली त्यांनी सही केली, प्रगतिपुस्तकावर करत तशीच, पूर्ण नावाची. मग मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी आपल्या हाताने सगळं लिहून काढलं: मागच्या बॅचचा किती माल ठेवला, किती तापमानाला, किती वेळ, कॅन कुठे होता, तो कोण ढवळत असे. सहा वर्षांत वहीत जे लिहिलं नव्हतं ते सगळं. लिहायला त्यांना तास लागला.

चार वाजता नीमाचा फोन आला. एकोणतीस मुलांची पातळी आईच्या तेरा सालच्या गणपतीच्या आतली निघाली होती. त्यांचे हात सुधारतील. चौदा मुलं त्या रेषेच्या पलीकडे होती. त्यांचं काय, ते नीमाने सांगितलं नाही आणि हर्षदाने विचारलं नाही.

“आलेखावरच्या या रेषेला आम्हाला नाव द्यायचं आहे,” नीमा म्हणाली. “आपल्या मातोश्रींचं शुभनाव काय?”

हर्षदाने अप्पांकडे पाहिलं. ते ऐकत होते. त्यांनी मान डोलावली.

“रजनी,” ती म्हणाली.

दिवेलागणीला अप्पांनी दूध तापवलं. हर्षदा ओसरीवर होती. आत भांड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ नळ वाहत राहिला. जेवायला बसल्यावर त्यांनी तिला भात वाढला, आमटी वाढली. शेवटचा भात घेऊन ती थांबली. या घरात शेवटचा भात दह्याशिवाय कधी झाला नव्हता.

“दही?”

अप्पा ताटाकडे बघत म्हणाले, “दूध घे आजपासून.”

ती पाणी घ्यायला उठली तेव्हा तिने पाहिलं. विरजणाची वाटी राखेने लख्ख घासून फळीवर पालथी घातली होती.